व्याह्यांच्या बँजोचं ओव्हरहॉल

आमच्या व्याह्यांचा बँजो मी फोडला. मुद्दाम नाही. मुद्दाम फोडला असता तर इतका नीट फुटला नसता.

गोष्ट आमच्या मुक्ताच्या लग्नाची. मुक्ता आमची एकुलती एक. सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटपासून दोन बसस्टॉपवर विद्यापीठ आहे, तिथे ती संशोधन करते, आणि तिथेच तिला इथन भेटला. इथन अमेरिकेचा. उंच इमारतींच्या अमेरिकेचा नव्हे, डोंगरातल्या एका लहानशा गावचा. मुलगा शांत, आमटी भुरकून पितो, आणखी काय पाहिजे? लग्न इथेच, बुओना व्हिस्टाला एका मित्राच्या काँडोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, हॉलमध्ये करायचं ठरलं. त्यासाठी इथनचे आईवडील, म्हणजे रूथ आणि डेल, तीन आठवडे आधीच येऊन दाखल झाले. सामान काय, तर दोन सूटकेस आणि एक बँजो.

मी सांगलीला थोरल्या भावाला फोनवर सांगितलं, "व्याही बँजो वाजवतात."

"चला!" तो म्हणाला. "वरातीचा खर्च वाचला की रे!"

त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे बँजो म्हणजे बँजो पार्टी. बटणांची पेटी, मागे ताशे आणि पुढे नाचणारी मंडळी. हे प्रकरण निराळं होतं. डफासारखं गोल, कातड्याचं तोंड, त्याला लांब दांडा आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार अर्ध्या दांड्यावरूनच सुरू होते! मला आधी वाटलं, कुणीतरी खुंटी चुकीच्या जागी ठोकलीय. (पण मी बोललो नाही. या सगळ्या प्रकरणात मी शहाणपणाने वागलो तो हा एकमेव प्रसंग, म्हणून आवर्जून सांगतो.)

हा बँजो डेलच्या आजोबांनी स्वतः बनवलेला. डेल आणि रूथच्या लग्नात डेलच्या वडलांनी तो वाजवला होता. आता इथनच्या लग्नात डेल वाजवणार. तीच धून, तेच वाद्य. हे ऐकून माझी बायको सुलभा पदराने डोळे पुसायला लागली. (ती जीन्समध्ये होती. ओढणी होती, तिने पुसले.)

सुलभा गाणं शिकलेली आहे. मी नाही. मी मरीन इंजिनियर. अठ्ठावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनरूममधल्या चुका काढतो. त्यामुळे डेल आमच्याकडे येऊन वाजवायला बसला की गप्पा व्हायच्या त्या त्याच्या आणि सुलभाच्या. दर धुनेला हा माणूस तारा वेगळ्या लावायचा. एकदा त्याने एक तार जरा चढवली नि म्हणाला, याला आमच्याकडे सॉमिल म्हणतात, म्हणजे लाकूड कापायची गिरणी.

"अय्या!" सुलभा म्हणाली. "गंधाराची तार मध्यमावर नेली! आणि ही आखूड तार म्हणजे तंबोऱ्यासारखी नुसती षड्ज धरून बसलीय. अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," मी म्हणालो. मला गिरणी ऐकू आली.

पण व्याही म्हटल्यावर आपणही काहीतरी उत्साह दाखवायला हवा. मी म्हणालो, मला शिकव. डेल खूश झाला. या वाजवण्याला क्लॉहॅमर म्हणतात. बोटं पंजासारखी वळवायची, तार वर ओढायची नाही, नखाच्या पाठीने वरून खाली मारायची, आणि हात उचलता उचलता अंगठ्याने ती आखूड तार सोडायची.

"दारावर टकटक करतोस तसं," डेल म्हणाला. तो अर्थातच इंग्रजीत म्हणाला, पण मी आपलं मराठीत सांगतो. "हलकं. घरातल्या माणसाला उठवायचं नाहीये."

मी टकटक केली. घरातलीच काय, शेजारची माणसंही उठली असती.

"नख वाढव," डेल म्हणाला. आता इंजिनियरला नखं कुठली! तरी मी उजव्या हाताच्या तर्जनीचं नख वाढवलं. ऑफिसात लोक बघायचे. बोट नखाने मारायचं तेव्हा अंगठा झोपायचा, अंगठा जागा केला की बोट विसरायचं. मुक्ता एकदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, यू आर फायटिंग विथ इट, लाह." पण डेल कधी हसला नाही, हे खरं. दर वेळी म्हणायचा, उद्या जमेल. मला तो माणूस मनापासून आवडायला लागला होता.

लग्न शनिवारी. त्याआधीच्या मंगळवारी डेल आणि रूथ तीन दिवस शेजारच्या एका बेटावर फिरायला निघाले. बोटीवरची खारी हवा नको म्हणून डेल बँजो आमच्याकडे ठेवायला घेऊन आला.

"इथल्या दमट हवेनं कातडं सैल पडलंय," तो म्हणाला. "आवाज ढब् ढब् येतोय. शुक्रवारी आलो की बघतो. तोपर्यंत राहू दे पेटीतच."

राहू दे पेटीतच! इतकं साधं सरळ वाक्य. आमच्या घरातल्या मांजरालाही कळलं असतं. (मांजर नाही आमच्याकडे.)

आता यात सुलभाची काही चूक नाही, हे मी आधीच सांगतो, नाहीतर हे वाचून ती मला जेवायला घालायची नाही. पण झालं असं, की रूथने आदल्या आठवड्यात काचेच्या भांड्यातून अॅपल पाय पाठवला होता. ते भांडं त्या दिवशी परत द्यायचं होतं, आणि सुलभाने त्यात बेसनाचे लाडू भरून दिले. रूथ म्हणाली, अगं, हे कशाला? सुलभाने तिला समजावलं, आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात काहीतरी घालूनच द्यायचं असतं.

ते दोघं गेले. मी सोफ्यावर बसून बँजोच्या पेटीकडे बघत होतो. मनात आलं, हीसुद्धा व्याह्यांची वस्तू. ही आपण आली तशीच परत द्यायची? वरपक्ष आहे, म्हटलं, आपला हात दिसला पाहिजे. संगीतातलं आपल्याला कळत नाही, पण सैल पडलेली गोष्ट घट्ट करण्यात तर उभा जन्म गेला! मी पेटी उघडली. कातड्याच्या कडेने चोवीस हुक, प्रत्येकाला एक नट, आणि पेटीत छोटासा पानाही ठेवलेला. मेन इंजिनाचं सिलिंडर हेड आवळणाऱ्या माणसापुढे हे म्हणजे काय! मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

"अहो, काय करताय?" सुलभाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. जरा पुसतोय."

हे खोटं नव्हतं. पुसण्यापासूनच सुरुवात झाली. आधी तारा सैल केल्या. त्याबरोबर तारांखालची लाकडी घोडी टुपकन आडवी पडली. ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते, हे मला तेव्हा कळलं. मग मागच्या बाजूने बघितलं तर आत दांड्यापाशी एक जुना, भोकाचा, करडा लोकरी मोजा कोंबलेला! इतक्या देखण्या वाद्यात कुणाचा तरी मोजा! मला इंजिनांच्या पाइपमधून चिंध्या काढायची सवय. दोन बोटांत धरून मी तो मोजा स्वयंपाकघरातल्या कचरा खाली टाकायच्या नळात, म्हणजे शूटमध्ये, सोडून दिला. आठव्या मजल्यावरून गेला खाली. मग कातडं बघितलं. चहाच्या रंगाचं, डागाळलेलं, आणि मध्यभागी पेन्सिलने ओढलेल्या दोन बारीक रेघा. मी फडकं ओलं केलं, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले आणि स्वच्छ पुसलं. रेघा गेल्या. कातडं जरा मऊ पडलं, तेव्हा म्हटलं, आता आवळू या. एक नट इकडचा, एक त्याच्या बरोबर समोरचा, असं पद्धतशीर, दोन फेऱ्यांत, सारख्या दाबाने. पुस्तकात छापावं असं काम! शेवटी दमट हवेचा बंदोबस्त म्हणून बँजो बेडरूममध्ये ठेवला आणि एअरकॉन ‘ड्राय’ मोडवर लावला.

ओलं कातडं वाळलं की आक्रसतं, हे मला शाळेत शिकवलं नव्हतं असं नाही.

बुधवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. बेडरूममधून फट् करून आवाज आला.

"कुकरचा व्हॉल्व्ह उडाला वाटतं!" म्हणत सुलभा ओट्याकडे धावली. कुकर थंड होता. मी जागचा हललो नाही. मला कळलं होतं.

कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं फाटलं होतं. सुलभा दारात उभी राहून बँजोकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत बँजोकडे.

"तुम्ही म्हणालात, पुसतोय."

"पुसलंच होतं."

"करायला गेले गणपती!" तिने कपाळावर हात मारला. "अहो, त्याच्या आजोबांचा होता तो! शनिवारी तो काय वाजवणार? परात?"

माझ्या आत्याच्या लग्नात व्याह्यांना टवका उडालेल्या कपातून चहा गेला होता, तर ते अकरा वर्षं आमच्या दारात आले नाहीत. तो कप तर सहा आण्यांचा होता! आत्या सणासुदीला एकटी यायची आणि आजीशेजारी बसून गुपचूप रडायची, ते मी लहानपणी बघितलेलं. मला एकदम मुक्ता दिसायला लागली. उद्या तिकडे दूर डोंगरात, त्या लोकांत, तिला कुणी म्हणायला नको, तुझ्या बापाने आमचं काय केलं ते ठाऊक आहे ना?

"मुक्ताला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू? तुमचा चेहराच सांगेल."

लिटिल इंडियात एका गल्लीत एक म्हातारे तमिळ गृहस्थ मृदंग आणि तबले दुरुस्त करतात, हे सुलभाला तिच्या गाण्याच्या क्लासमुळे माहीत होतं. मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं (चेहरा तसा होताच) आणि बँजो कवटाळून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तिकडे गेलो. म्हाताऱ्यांनी वाद्य हातात घेतलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"वेट टाइम यू टाइट, आह?"

"येस."

"देन एअरकॉन?"

"येस."

"यू इंजिनियर?"

मी चकित झालो. "हाऊ डू यू नो?"

"इंजिनियर ओन्ली डू लाइक दिस."

पण माणूस देवासारखा भेटला. त्यांच्याकडे बकऱ्याचं पातळ कातडं होतं. ते त्यांनी भिजवून कडीवर चढवलं, नट नुसते बोटांनी फिरवले आणि माझ्यासमोर बोट नाचवून बजावलं: शुक्रवार दुपारपर्यंत एअरकॉन नाही, पंखा नाही, ऊन नाही, आणि तू नाही! मी शुक्रवारी ऑफिसातून परस्पर जाऊन बँजो घेऊन आलो. कातडं झकास बसलं होतं. फक्त पांढरंशुभ्र होतं. तारा सुलभाने सुरात लावल्या, घोडी अंदाजाने उभी केली, आणि आत काहीतरी मोज्यासारखं लागत असावं बहुतेक, म्हणून मी माझा ऑफिसचा एक काळा मोजा आत कोंबला.

पाच वाजता डेल आणि रूथ उन्हाने लाल होऊन आले. मुक्ताही होती. डेलने पेटी उघडली आणि तसाच बघत राहिला.

"पांढरं दिसतंय," तो म्हणाला.

"ह्युमिडिटी," मी म्हणालो.

सुलभाने डोळे मिटून घेतले. डेलने मान हलवली, बँजो मांडीवर घेतला, दोनदा नखाने टकटक केली. स्वर थोडे इकडेतिकडे गेले. मग त्याने मागून हात घातला आणि माझा मोजा बाहेर काढला. तो उजेडात धरून म्हणाला, "हा पण ह्युमिडिटीनंच काळा झाला का?"

मग मी सगळं सांगितलं. पाना, ओलं फडकं, दोन थेंब लिक्विड, एअरकॉन, मृदंगवाले, काही लपवलं नाही. मोज्याचं डेलला काही वाटलं नाही. आवाजाची घरघर कमी व्हावी म्हणून आत कोंबतात, कुठलाही चालतो, म्हणाला. कातड्याचंही एकवेळ ठीक. पण पेन्सिलच्या रेघांपाशी तो थांबला.

"त्या माझ्या वडलांनी काढल्या होत्या," तो म्हणाला. "घोडी कुठे ठेवायची त्याची खूण. मी कधी मोजलंच नाही. त्यांच्या रेघांवर ठेवायचो."

तो उठला आणि लिफ्टने खाली निघून गेला. रूथ सुलभाचा हात धरून बसली. मुक्ता मात्र माझ्यावर उसळली.

"बाबा, यू ऑलवेज लाइक दिस! कुणी सांगितलं होतं तुला? तुला ना, कुठलीच गोष्ट आहे तशी राहू देता येत नाही!"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुझ्या सासरी माझा काहीतरी उपयोग व्हावा असं वाटत होतं गं." मुक्ताने पुढे होऊन मला दार उघडून दिलं.

मी खाली गेलो. इमारतीच्या तळाशी मोकळी जागा आहे, तिथे दगडी टेबलं आहेत, त्यातल्या एकापाशी डेल बसला होता. मी समोर बसलो. माफी मागायची माझी इंग्रजी फार तर तीन वाक्यांची. ती संपली.

"उद्या मला वाजवायचंय," तो म्हणाला. "आणि घोडी नक्की कुठे ठेवायची ते मला माहीत नाही."

हे मात्र गाणं नव्हतं, हे माप होतं! मी म्हणालो, वीस मिनिटं दे. आम्ही दोघं वर गेलो, मी माझा व्हर्नियर आणि स्टीलची पट्टी काढली. दांड्यावर तारा जिथे सुरू होतात तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंत (म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत) जेवढं अंतर, तेवढंच पुढे घोडीपर्यंत. डेल मान वाकवून ऐकत होता, तार छेडत होता, थोडं पुढे, थोडं मागे. मी श्वास रोखून घोडी केसभर सरकवत होतो. एका जागी त्याने हात वर केला. मग खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"काढ रेघा."

"मी?"

"तुझं माप आहे. काढ."

जहाजावर माझी रेघ कधी वाकडी आली नाही. त्या दिवशी एक रेघ किंचित वाकडी आली. डेल म्हणाला, राहू दे, पुसू नकोस.

शनिवारी मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या आणि डेल खुर्चीवर बसून वाजवायला लागला. बकऱ्याच्या कातड्यामुळे आवाज जरा खर्जातला येत होता. रूथ रडत होती, सुलभा रडत होती, आणि मी तर अक्षतांचं ताट हातात धरून हमसून हमसून रडलो. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. त्याने विचारलं, "बँजो पार्टीत एकच माणूस?"

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे डेलच्या गावी गेलो. काय ते स्वागत, काय तो जिव्हाळा! पोहोचल्या पोहोचल्या डेलने बँजो माझ्या हातात ठेवला. त्याचं गॅरेज म्हणजे अख्खं वर्कशॉप आहे, असं इथनकडून ऐकलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सहज बघायला गेलो. तर दाराला हे भलंमोठं कुलूप! मी विहीणबाईंना किल्ली विचारली. त्या इकडेतिकडे बघायला लागल्या, मग हळूच म्हणाल्या, "किल्ली मुक्ताकडे आहे."

"सॉरी बाबा," मुक्ता म्हणाली. "माझीच आयडिया."

मग काय, रोज मुकाट्याने ओसरीवर बसून टकटक केली. पाना जवळ नसला की माझा हात पुष्कळच सुधारतो, असं व्याह्यांचं मत पडलं.